नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णांची घरातील शुश्रूषा

सातारा, कराड, सांगली किंवा मिरज येथील रुग्णालयातून पक्षाघाताचा रुग्ण घरी सोडला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर औषधांची पिशवी, तपासण्यांची फाईल आणि नाकात बसवलेली एक बारीक नळी घरी येते. निघण्याच्या गडबडीत परिचारिका घरातील एका व्यक्तीला, बहुधा पत्नीला किंवा सुनेला, सिरिंजमधून आहार कसा द्यावा हे एकदा-दोनदा दाखवते. शिक्षण दहा मिनिटांत आटोपते. त्याच रात्री जतच्या किंवा पाटणच्या एखाद्या खेड्यात तीच स्त्री हातात सिरिंज घेऊन एकटी उभी असते आणि तिच्यापुढे प्रश्न असतो : नळीवरची खूण दोन बोटे बाहेर आलेली दिसते, आता आहार द्यावा की न द्यावा?

हा प्रश्न विचारण्यासाठी तिच्याजवळ कोणी नसते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. नळीवाटे आहार देणे ही अवघड विद्या नाही. घरातील कोणतीही समंजस व्यक्ती ती शिकू शकते. परंतु ती नीट शिकवलेली असावी, लिहून दिलेली असावी आणि तिचा भार एकाच व्यक्तीवर नसावा. या तीन गोष्टी साधल्या, तर अनेक रुग्णांचे हाल टळतील.

नळी कोणाला आणि का लागते?

ज्यांचे जठर व आतडी काम करतात, परंतु ज्यांना सुरक्षितपणे गिळता येत नाही, अशा प्रौढ रुग्णांना नळीची गरज भासते. पक्षाघात हे त्याचे एक मोठे कारण आहे. महामार्गावरील अपघातात डोक्याला झालेली इजा, कंपवाताची पुढची अवस्था, मज्जातंतूंचे काही विकार हीही कारणे आहेत. आपल्या भागात आणखी एका कारणाचा विशेष उल्लेख करावा लागेल. तंबाखू, गुटखा आणि घरोघरी स्त्रिया दातांना लावतात ती मिश्री यांमुळे होणारा तोंडाचा व घशाचा कर्करोग. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचाराच्या काळात अनेकांना काही आठवडे वा महिने नळीवर राहावे लागते.

नळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी आपल्याकडे ‘रायल्स ट्यूब’ या नावाने ओळखली जाते. जॉन आल्फ्रेड राईल या ब्रिटिश डॉक्टरांनी 1921 साली अशा बारीक नळीचे वर्णन केले होते. तेच नाव आजही टिकून आहे. दुसरी नळी पोटाच्या त्वचेतून थेट जठरात बसवतात. तिला ‘पेग’ म्हणतात. पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवण्याची पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे 1979 साली प्रथम वापरली गेली.

नाकातील नळी थोड्या काळासाठी योग्य असते. चार ते सहा आठवड्यांहून अधिक काळ नळी लागणार असे दिसले, तर पेगचा विचार करावा, असे तज्ज्ञ सांगतात. मात्र पक्षाघातानंतर लगेच घाई करू नये. या विषयावरील एक मोठे आंतरराष्ट्रीय संशोधन 2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातील नळीच अधिक श्रेयस्कर ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता.

आहार देताना पाळावयाचे नियम

नळीवरील रुग्णाला सर्वांत मोठा धोका असतो तो अन्न फुप्फुसात जाण्याचा. त्यातून न्यूमोनिया होतो आणि कित्येकदा तोच प्राणघातक ठरतो. पुढील बहुतेक नियम या एका धोक्यापासून वाचण्यासाठी आहेत.

पहिला नियम बसण्याचा. आहार देताना रुग्णाचे डोके व छाती 30 ते 45 अंश उंच असावी. केवळ डोक्याखाली उशी देऊन भागत नाही, कारण त्याने मान वाकते आणि पोट दाबले जाते. पाठीमागे गाद्या-उशांचा उतार करावा किंवा पलंगाच्या डोक्याकडील भाग वर करावा. आहार संपल्यानंतरही अर्धा ते एक तास रुग्णाला त्याच स्थितीत ठेवावे. या वेळेत कुशीवर वळवणे, अंग पुसणे, चादर बदलणे ही कामे करू नयेत.

दुसरा नियम नळीची जागा पाहण्याचा. नळी बसवली त्याच दिवशी नाकपुडीजवळ तिच्यावर पक्क्या शाईने खूण करून घ्यावी आणि बाहेर किती सेंटीमीटर नळी उरते ते लिहून ठेवावे. प्रत्येक वेळी आहारापूर्वी ती खूण पाहावी. तोंड उघडून घशात नळीचे वेटोळे झालेले नाही ना, हेही पाहावे. नंतर सिरिंजने थोडा द्रव ओढून पाहावा. जठरातील द्रव आम्लयुक्त असतो. औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळणाऱ्या पीएच कागदावर त्याचे मोजमाप 5.5 किंवा त्याहून कमी आले, तर नळी जठरात आहे असे मानता येते. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा वाढतो. म्हणून अशा रुग्णाबाबत काय करावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

येथे एक जुनी समजूत दूर करणे आवश्यक आहे. नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि आवाज आला की नळी बरोबर आहे असे समजायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी शिकवली जाते. परंतु नळी फुप्फुसात असली तरीही तसा आवाज येऊ शकतो. त्यामुळे ब्रिटनमधील रुग्णसुरक्षा संस्थेने 2005 साली या पद्धतीवर विसंबू नये अशी स्पष्ट सूचना काढली. नळीचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे हीही खात्रीची कसोटी नव्हे. खूण सरकली असेल, रुग्ण खोकत असेल किंवा मनात शंका असेल, तर आहार देऊ नये. एक वेळचा आहार चुकल्याने सहसा अनर्थ होत नाही. फुप्फुसात गेलेल्या आहाराने होतो.

तिसरा नियम पाण्याचा. आहारापूर्वी व आहारानंतर सुमारे 30 मिलिलिटर स्वच्छ पिण्याचे पाणी नळीतून सोडावे. ज्या नळीतून नंतर पाणी सोडले जात नाही, ती हमखास तुंबते. तुंबलेली नळी तारेने किंवा जोराने सिरिंज दाबून मोकळी करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. कोमट पाणी सोडून हलक्या हाताने दट्ट्या पुढे-मागे करावा. न जमल्यास रुग्णालय गाठावे.

चौथा नियम वेगाचा. एका वेळी 200 ते 250 मिलिलिटर आहार पंधरा-वीस मिनिटांत जावा. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरली म्हणजे आहार आपल्याच गतीने उतरतो. घाईने ढकललेला आहार उलटून वर येतो.

आहार कोणता आणि किती?

रुग्ण हळूहळू खंगत जातो, तेव्हा घरचे लोक आजाराला दोष देतात. बऱ्याचदा कारण वेगळेच असते. नळी तुंबू नये म्हणून भाताची पातळ पेज, डाळीचे वरचे पाणी आणि फळांचा रस एवढेच दिले जाते. पोट भरते, पण पोषण होत नाही. डाळीचे सत्त्व डाळीत असते, वरच्या पाण्यात नव्हे.

साधारणपणे प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 50 किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे 1250 ते 1500 कॅलरी आणि 50 ते 60 ग्रॅम प्रथिने. हे प्रमाण आपल्या स्वयंपाकघरातील जिनसांतून सहज साधता येते. पाऊण लिटर गाईचे दूध, दोन पूर्ण उकडलेली अंडी, 50 ग्रॅम मूगडाळ, 75 ग्रॅम नाचणी किंवा तांदूळ, चार चहाचे चमचे तेल आणि 40 ग्रॅम साखर किंवा गूळ यांतून दिवसाला सुमारे 1400 कॅलरी व 50 ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. सर्व पदार्थ पूर्ण शिजवून, मिक्सरमध्ये बारीक करून, गाळून घ्यावेत आणि दिवसभरात सहा ते आठ वेळा विभागून द्यावेत. कच्चे अंडे कदापि वापरू नये.

पेज घट्ट होऊन नळीतून उतरत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यावर आपल्या आजी-पणजींना ठाऊक असलेला उपाय आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवावी. मोड आल्यावर धान्यात तयार होणारे पाचक द्रव्य पिठूळ भाग मोडते. त्यामुळे तेवढ्याच पिठाची पेज पातळ होते आणि पाणी न वाढवता अधिक पोषण नळीतून जाते.

वरील प्रमाण हा केवळ नमुना आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असलेल्या रुग्णांचा आहार डॉक्टर वा आहारतज्ज्ञ यांनीच ठरवावा. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार देऊ नये. तसे केल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून जिवाला धोका होऊ शकतो. अशा रुग्णाचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढवावा.

तयार केलेला आहार उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवू नये. फ्रिज असल्यास झाकून ठेवावा, चोवीस तासांच्या आत संपवावा आणि देण्यापूर्वी कोमट करावा. आहार करताना व देताना हात साबणाने धुवावेत. सिरिंज, गाळणी व मिक्सरचे भांडे प्रत्येक वेळी स्वच्छ करावे. जुलाब सुरू झाले की दुधाला दोष देण्यापूर्वी गाळणी आणि सिरिंज पाहावी. महिन्यातून एकदा वजन करावे. ते शक्य नसल्यास दंडाचा घेर टेपने मोजून वहीत लिहावा.

औषधे, तोंड आणि त्वचा

प्रत्येक गोळी वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून द्यावी. दोन गोळ्यांच्या मध्ये थोडे पाणी सोडावे. औषध आहारात मिसळू नये. मात्र सर्वच गोळ्या कुटण्याजोग्या नसतात. शरीरात सावकाश उतरणाऱ्या किंवा विशेष आवरण असलेल्या गोळ्या कुटल्यास त्यांचा परिणाम बदलतो. म्हणून ‘ही गोळी नळीतून चालेल का, की पातळ औषध मिळेल?’ असे औषधाच्या दुकानात आणि डॉक्टरांना अवश्य विचारावे. फिटसाठीचे फेनिटॉइन हे औषध आहाराबरोबर दिल्यास नीट शोषले जात नाही. ते कोणत्या वेळी द्यावे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

जो तोंडाने खात नाही, त्याचे तोंड धुण्याची गरज नाही असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. न वापरलेल्या तोंडात जंतू अधिक वाढतात आणि लाळेबरोबर ते फुप्फुसात उतरतात. दिवसातून किमान दोन वेळा मऊ ब्रशने दात, जीभ व हिरड्या स्वच्छ कराव्यात आणि ओठांना पेट्रोलियम जेली किंवा तूप लावावे. नाकावरील चिकटपट्टी नियमित बदलावी. नळी एकाच जागी रुतून नाकपुडीला जखम होत नाही ना, हे पाहावे. पेग असल्यास छिद्राभोवतीची त्वचा रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी.

त्वरित रुग्णालयात न्यावे असे प्रसंग पुढीलप्रमाणे आहेत : आहार देताना ठसका, धाप किंवा चेहरा निळसर पडणे (अशा वेळी आहार तत्काळ थांबवावा), ताप व छातीत घरघर, वारंवार उलटी, पोट फुगून घट्ट होणे, काळी शौचास होणे, नळी निघून येणे. नाकातील नळी निघाल्यास घरी परत घालू नये. पेग निघाल्यास तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे, कारण पोटावरील छिद्र काही तासांतच आकसू लागते.

नळी काढण्याचा प्रश्न

काही घरांत नळी महिनोन् महिने राहते. तिची गरज उरली आहे का, हे कोणी विचारलेलेच नसते. पक्षाघाताच्या अनेक रुग्णांचे गिळणे पहिल्या काही आठवड्यांत सुधारते. म्हणून फेरतपासणीच्या प्रत्येक वेळी हा प्रश्न आपणहून विचारावा : ‘गिळण्याची तपासणी करता येईल का?’ वाचा व गिळण्याचे उपचारतज्ज्ञ ती तपासणी करतात आणि सुधारणेसाठी व्यायामही शिकवतात. मात्र ‘थोडे पाजून पाहू’ असा प्रयोग घरी करू नये.

वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेत मात्र विचार वेगळा आहे. अशा रुग्णांना नळीमुळे अधिक आयुष्य किंवा अधिक सुख लाभते असे दिसून आलेले नाही. म्हणून अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली त्यांना शांतपणे, हाताने, लहान घासांनी भरवण्याचा सल्ला दिला. निर्णय घेताना रुग्णाची अवस्था, त्याची इच्छा आणि डॉक्टरांचे मत यांचा एकत्र विचार व्हावा.

या संदर्भात ख्रिस्तसभेची भूमिका अनेकांना जाणून घ्यावीशी वाटते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 20 मार्च 2004 रोजी केलेल्या भाषणात आणि त्यानंतर श्रद्धासिद्धांतविषयक मंडळाने 2007 साली दिलेल्या उत्तरात असे स्पष्ट केले आहे की, अन्नपाणी देणे, मग ते नळीवाटे का असेना, हे तत्त्वतः शुश्रूषेचे साधारण साधन आहे. जोवर त्यातून पोषण होते आणि वेदना टळतात, तोवर ते देणे हे कर्तव्य आहे. शरीर अन्न स्वीकारीनासे झाले किंवा नळीच असह्य यातनेचे कारण झाली, तर मात्र तोच आग्रह धरावा लागत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांना स्वतःलाही अखेरच्या दिवसांत नाकातून नळी घालावी लागली होती. व्हॅटिकनने ते 30 मार्च 2005 रोजी जाहीर केले आणि 2 एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. नळीवर असणे यात लाजण्यासारखे काही नाही, हे त्यातून जगाने पाहिले.

एकाच हातावरील भार

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर 2015 साली निधन होईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 सालच्या निकालपत्रात नोंद आहे की, 2010 च्या मध्यापर्यंत त्या तोंडाने अन्न घेत असत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात हिवताप झाल्यावर त्यांना रायल्स ट्यूब घालावी लागली. एवढ्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, याचीही न्यायालयाने दखल घेतली. हे शक्य झाले, कारण परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या.

आपल्या घरांत पाळ्या नसतात. दिवसाला सहा-आठ वेळा आहार, मधल्या वेळेत औषधे, तोंडाची स्वच्छता, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे आणि त्याबरोबर शेत, स्वयंपाक व मुले. सकाळच्या पहिल्या आहारापासून रात्रीच्या शेवटच्या आहारापर्यंत हे सर्व एकच स्त्री करते. ती आजारी पडली किंवा माहेरी भाऊ वारला, तरी तिला घर सोडता येत नाही, कारण सिरिंज धरणारे दुसरे कोणी तयार केलेले नसते. शुश्रूषेतील बऱ्याच चुका निष्काळजीपणातून होत नाहीत, थकव्यातून होतात.

आपण काय करू शकतो?

रुग्णालय सोडण्यापूर्वी घरातील दोन व्यक्तींनी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने आहार देऊन दाखवावा. नळीचा प्रकार व क्रमांक, बसवल्याची तारीख, बदलण्याची तारीख, बाहेरील लांबी, आहाराचे प्रमाण, औषधांची पद्धत आणि अडचणीच्या वेळी फोन करावयाचा क्रमांक हे सर्व एका कागदावर मराठीत लिहून मागावे. तो आपला हक्क आहे. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि आशाताईंना रुग्णाची माहिती द्यावी. 2010-11 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी गृहभेटींची तरतूद आहे. तिची मागणी करावी.

धर्मग्रामाच्या हाती तर पुष्कळ काही आहे. मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिशन रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून या परिसरात रुग्णसेवा आणि ख्रिस्ती समाज यांचे जवळचे नाते आहे. आपल्या कुटुंबांत परिचारिका, निवृत्त परिचारिका आणि धर्मभगिनी आहेत. त्यांच्यापैकी एकीने दोन तास दिले, तर प्रत्येक धर्मग्रामात चार-पाच जणांना ही शुश्रूषा शिकवता येईल. त्यांनी आठवड्यातून एक दुपार अशा घरी जाऊन आहार दिला, तर त्या घरातील स्त्रीला मिस्साला, बाजाराला किंवा नुसतेच झोपायला चार तास मिळतील.

रुग्णाला ख्रिस्तप्रसाद देण्याविषयीही येथे सांगितले पाहिजे. गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या तोंडी प्रेमापोटी घास ठेवणे जसे धोक्याचे, तसेच डॉक्टरांना न विचारता पवित्र भाकर देणेही धोक्याचे. गरज असल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्यास धर्मकायद्याच्या 925 व्या कलमाने मुभा दिली आहे. आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. तोंडाने जेवता येत नाही म्हणून कोणी प्रभूच्या मेजापासून दूर राहिला असे होऊ नये.

दरवर्षी 11 फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्णदिन पाळतो आणि रुग्णांसाठी प्रार्थना करतो. यंदा त्या दिवसापूर्वी आपल्या धर्मग्रामात नळीवर असलेला रुग्ण कोणाच्या घरी आहे, एवढी चौकशी करावी. त्या घरी जावे, आणि रुग्णाची विचारपूस झाल्यावर सिरिंज हाती धरणाऱ्या त्या ताईलाही विचारावे : ‘तुम्ही आज जेवलात का?’